महेश्वर-मांडूची फोटोग्राफी कार्यशाळा: विणकराच्या तासाभराचं काय करायचं?

राजवाडा_चौक (इंदूर)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून काढतोय. जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा आणि मोकळेपणाने सांगा. दिवाळीनंतर मला हो की नाही ते कळवायचं आहे.

मी इंदूरचा, रामबागेतला. नोकरी सांभाळून चौदा वर्षं कॅमेरा घेऊन हिंडतोय. सुरुवात इथल्या रंगपंचमीच्या गेरीने (रंग उधळत निघणारी मिरवणूक) झाली, मग सराफ्यातल्या रात्री, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, आणि गेली आठ-नऊ वर्षं महिन्यातून एकदा तरी महेश्वर. अंतर ९०-९५ किलोमीटर. पहाटे चारला निघालं की उजाडायच्या आत घाटावर पोचतो. पुण्या-मुंबईचे मित्र आणि इथली ओळखीची मंडळी आता मागे लागली आहेत, की तीन दिवसांची कार्यशाळा ने, मराठीतून, महेश्वर आणि मांडू.

जागा म्हणाल तर सोनं आहे. १७६७ मध्ये कारभार हाती घेतल्यावर अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरला नेली आणि १७९५ मध्ये त्या गेल्या तोवर गाव घडत राहिलं. घाट, छत्र्या, वाडा, खाली नर्मदा, आणि घरांतून महेश्वरी साड्यांचे माग. नदी इथे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि गाव उत्तर तीरावर, म्हणजे घाटांचं तोंड दक्षिणेला. फोटो काढणाऱ्याला याचा अर्थ असा, की डिसेंबर-जानेवारीत सूर्य आग्नेयेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेच्या अंगानेच फिरतो. तिरका प्रकाश किल्ल्याच्या भिंतीवरची एकेक कोरीव ओळ उठावदार करतो. जूनमध्ये तोच सूर्य ईशान्येला, किल्ल्याच्या पाठीमागून वर येतो आणि सकाळी घाट सावलीत राहतात. नावेतून किल्ला टिपायचा तर हिवाळाच. एवढं शिकवायलाच एक सकाळ पुरणार नाही.

मग अडलंय कुठे, तर एका प्रसंगावर.

चार वर्षांपूर्वी बाहेरच्या एका टूरवाल्यांबरोबर मी स्थानिक मदतनीस म्हणून गेलो होतो. नाव घेत नाही. अठरा जण होते, सगळ्यांकडे भारी कॅमेरे. दुसऱ्या दिवशी एका विणकर मावशींच्या घरी नेलं. खोली दहा बाय बाराची, त्यातली निम्मी मागाने व्यापलेली. चार-चार जण आत सोडत होते. कुणी म्हणे धोटा (आडवा धागा नेणारी नळी) पुन्हा फेका, कुणी म्हणे मान जरा खिडकीकडे करा, कुणी म्हणे चष्मा काढा. हे सगळं हिंदीत सांगणारा मी. मावशी ऐकत होत्या, थांबत होत्या, पुन्हा हात उचलत होत्या. सव्वा तास चाललं. निघताना टूरवाल्यांनी काही नोटा मागावर ठेवल्या आणि गाडी सुरू केली. मी चप्पल घालत होतो तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "भैया, आज हाथ भर भी नहीं बुना."

मजुरी विणलेल्या कापडावर मिळते, उभ्या केलेल्या हातावर मिळत नाही. हे मला तेव्हा माहीत होतं. तरीही मी तिथे उभा राहून "चष्मा उतार लीजिए" म्हणालो होतो. त्या दिवशी काढलेला एकही फोटो मी आजवर कुठे टाकलेला नाही.

म्हणून विचारतोय. अशी कार्यशाळा कुणाचं नुकसान न करता नेता येते का? किती जण असावेत? विणकरांना पैसे द्यावेत का, दिले तर कसे? तुमच्यापैकी कुणी अशा सहलींना गेला असाल तर काय चांगलं वाटलं, काय खटकलं? महेश्वर-मांडूचं कुणी असेल तर त्यांनी तर जरूर लिहा.

सह्याद्री_वारा (पुणे)

दादा, धागा काढलात ते बरं झालं. मी आतापर्यंत अशा पाच कार्यशाळांना गेलोय, राजस्थानात तीन, बनारसला एक, कच्छला एक. दुसरी बाजूही मांडतो, राग मानू नका.

मी वर्षभर पैसे साठवून चार दिवस काढतो. भाषा येत नाही, गल्ली माहीत नाही, ओळख नाही. कुणीतरी दार उघडून देणारं लागतंच. अठरा जण जास्तच झाले, पण सहा जणांचा गट केला तर माणशी खर्च इतका चढतो की नोकरदार माणूस येऊच शकत नाही, मग फक्त श्रीमंतांनी शिकायचं का? शिवाय फोटो गेले म्हणून मालाला गिऱ्हाईक आलं, असंही होतं. कच्छमध्ये मी ज्या घरी फोटो काढले त्यांच्याकडून माझ्या बायकोने पुढे तीन वेळा शाली मागवल्या.

एक मात्र पटलं. "पुन्हा करून दाखवा" हे बंद व्हायला हवं. सगळ्यांचा फोटो एकसारखा येतो तो त्यामुळेच. बनारसला नावाडी एकच, दिवा एकच, आम्ही चौदा जण एका रांगेत. घरी येऊन पाहिलं तर गटातल्या कुणाचाही फोटो माझा म्हणून खपला असता.

मांडूला पावसाळ्यात का नेत नाही?

किल्ल्याखालची (महेश्वर)

मी महेश्वरची सून, माहेर देवासचं. आमचं घर किल्ल्याच्या उतारावर. सासऱ्यांचे वडील वाड्यातल्या लिंगार्चनाला बसायचे. मातीची शिवलिंगं करायची, पाटावर ओळीने मांडायची, पूजा झाली की नर्मदेत सोडायची. अहिल्याबाईंच्या वेळेपासून चालत आलेलं ते आजही चालू आहे. शेजारी दोन्हीकडे विणकर. त्यामुळे दादा, तुमचं लिहिलेलं वाचून मी दोनदा थांबले.

आमच्या उजव्या हाताला जे घर आहे त्यांची खिडकी रस्त्यावर उघडते. माग खिडकीला लागून, कारण उजेड तिथेच. मी लग्न होऊन आले तेव्हा ती खिडकी सकाळी सहाला उघडायची आणि अंधार पडल्यावर मिटायची. आता सुट्ट्यांच्या दिवसांत ती अर्धी लावलेली असते. मी विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "लोग हाथ डालकर परदा हटाते हैं." आत ट्यूबलाइट लावून विणतात. ज्या उजेडासाठी तुम्ही लोक येता तोच त्यांनी बंद करून घेतलाय.

वाईट सगळंच नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी इथे रेहवा सोसायटी ही विणकरांची संस्था सुरू झाली, त्यानंतर कितीतरी बायका मागावर बसायला लागल्या, आणि बाहेरच्या माणसांनी साडी पाहिली म्हणूनच ती विकली गेली. पुण्याच्या दादांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे. पण साडी पाहणं वेगळं आणि बाईला पाहणं वेगळं.

आता कामाचं सांगते. तुम्ही सगळे थेट मागावर जाता. विणणं म्हणजे तेवढंच असं वाटतं. पण मागाच्या आधी कितीतरी कामं आहेत आणि ती उजेडात होतात. कांड्या भरायचं, म्हणजे धागा नळ्यांवर गुंडाळायचं, काम बहुतेक घरी म्हातारी माणसं करतात, चरखा घेऊन दारात बसतात, कारण आत दिसत नाही. तिथे पाहिजे तेवढा वेळ बसा, गप्पा मारा, त्यांनाही माणूस हवं असतं. दुसरं म्हणजे नवा ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, जोडायचा दिवस. जुन्या ताण्याची टोकं मागावर तशीच ठेवतात आणि नव्याचा एकेक धागा त्यांना पिळून जोडतात. बोटांना राख लावतात म्हणजे रेशीम सुटत नाही. शेकडो नव्हे, हजारो धागे. दोन बायका समोरासमोर बसतात, बोटं चालू आणि तोंडही चालू. त्या वेळी कोपऱ्यात एखादा माणूस बसला तर काम अडत नाही. मागावर मात्र पायही चालतात, हातही चालतात, लक्षही त्यातच असतं. बोललं की चुकतं.

आणि पैसे सगळ्यांसमोर मागावर ठेवू नका. तो अपमान वाटतो. आदल्या दिवशी येऊन घरातल्या कर्त्या बाईशी बोला, तिचा दिवस किती जाणार ते तिला विचारा, ती सांगेल ते द्या.

मोबाइलवाली_मी (इंदूर)

मध्येच एक प्रश्न. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. अशा कार्यशाळेला आले तर चालेल का, की कॅमेरावाल्यांना अडचण होईल? मी शाळेत शिकवते, मुलांना माळवा-निमाडबद्दल दाखवायला स्वतः काढलेले फोटो हवेत. मागे एकदा महेश्वरला हातमागाचा व्हिडिओ घेतला तर त्यावर आडवे काळे पट्टे सरकत होते, मोबाइल बिघडला असं वाटून दुकानात नेला होता.

राजवाडा_चौक (इंदूर)

ताई, नक्की या, मोबाइल पुरेसा आहे. उलट लहान खोलीत तोच बरा, समोरच्याच्या तोंडासमोर नळकांडं येत नाही.

पट्टे मोबाइलचे नव्हेत, ट्यूबलाइटचे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या पद्धतीची ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर फार वेगाने उघड-मीट झालं तर कॅमेऱ्याला कळतं. प्रो मोडमध्ये जाऊन शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातील. १/५० ला धोटा थोडा पुसट येईल. येऊ द्या, तो पळत असतोच. कापड आणि चेहरा स्थिर असला की झालं.

किल्ल्याखालची ताई, तुमची ती खिडकी डोळ्यांसमोरून जात नाही. इतकी वर्षं मी येतोय आणि ताणा जोडताना एकदाही पाहिलेलं नाही. नेहमी सकाळी अकराच्या आत घाट आटपून, तासभर मागाचे फोटो काढून परत. तुम्ही सांगितल्यावर कळलं की मी त्या गावात बसलोच नव्हतो.

जुना_स्टुडिओ (इंदूर)

मी आता एकाहत्तर वर्षांचा आहे. जेल रोडला माझा स्टुडिओ होता, लग्नं आणि पासपोर्ट फोटो. टाइप करायला नातू मदत करतोय.

आपल्या शहराला या कामात फार मोठा वारसा आहे आणि तरुण मंडळींना तो ठाऊक नसतो याचं मला वाईट वाटतं. लाला दीनदयाळ, पुढे ज्यांना निजामाने राजा किताब दिला, ते रुडकीला इंजिनियरिंग शिकून १८६६ मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीला लागले. कॅमेरा हातात घेतला तो इथे, १८७० च्या दशकात. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी पाठीवर हात ठेवला आणि पहिला स्टुडिओ इंदुरातच निघाला. १८८२ मध्ये ते इंग्रज अधिकारी लेपेल ग्रिफिनबरोबर मध्य भारतातल्या प्राचीन वास्तूंच्या दौऱ्यावर गेले. मी म्हणेन, आपल्या भागातली पहिली मोठी फोटो-सहल तीच.

विचार करा, तेव्हा काच वाहून न्यायची. बैलगाडीत पेट्या, काचेच्या प्लेटा, तिकाटणं (ट्रायपॉड), काळा कपडा. एक प्लेट फुटली की तो फोटो गेला. त्यामुळे तो माणूस आधी जागेभोवती फिरायचा, ऊन कुठून कुठे जातं ते पाहायचा आणि मग एकच उघडझाप. त्यांच्या ग्वाल्हेर किल्ल्याच्या चित्रांत दगड मोजता येतो.

माझा अनुभव सांगतो. स्टुडिओत रोल ३६ फोटोंचा असायचा आणि रोलचे पैसे खिशातून जायचे. लग्नात नवरीच्या आईचा चेहरा कधी बदलतो याची वाट पाहायची सवय त्यामुळे लागली. राजवाडा_चौक, तुमच्या कार्यशाळेत प्रत्येकाला दिवसाला ३६ फोटोंची मर्यादा घाला. त्याहून जास्त नाही. पुसून पुन्हा काढायचा नाही. यंत्र कोणतंही असो. पहिल्या दिवशी चिडतील. दुसऱ्या दिवशी मावशींना "पुन्हा करा" म्हणणार नाहीत, कारण परवडणार नाही.

दुसरं, फोटो द्या. कागदावर छापून. आम्ही कुणाचाही फोटो काढला आणि दिला नाही असं कधी झालं नाही. गिऱ्हाईक होतं म्हणून नव्हे, चेहरा त्याचा आहे म्हणून.

मोबाइलवाली_मी (इंदूर)

काका, ३६ ची कल्पना मी शाळेत मुलांवर करून पाहणार.

मांडव_वाट (धार)

मांडूबद्दल मी लिहितो. धारला राहतो, मांडू आमच्या अंगणात.

पुण्याचे दादा म्हणतात तसं पावसाळ्यातलं मांडू वेगळंच. ढग रस्त्यावर उतरतात, जहाज महालाच्या दोन्ही बाजूंचे मुंज आणि कपूर तलाव भरलेले, आणि महाल खरोखर पाण्यात उभा वाटतो. पण जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी गाड्यांची रांग खालपर्यंत असते. यायचं तर मंगळवार-बुधवारी या. थंड गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला तर काचेवर वाफ धरते, म्हणून वीस मिनिटं बॅगेतच राहू द्या.

कार्यशाळा जानेवारीत असेल तर चित्र निराळं, पण कमी नाही. गोरख चिंचेची झाडं, ज्यांना इथे मांडूची इमली म्हणतात, हिवाळ्यात पानं गाळतात. मग ते भलेमोठे खोड आणि आखूड फांद्या आभाळावर कोरल्यासारख्या दिसतात. मूळ आफ्रिकेतलं झाड, इथे शतकांपूर्वी आलं. पावसात हिरवं झालं की इतर झाडांत मिसळून जातं. हवा स्वच्छ असेल तर रूपमती मंडपातून खाली निमाडचं मैदान आणि पार टोकाला नर्मदेची रेघ दिसते. पावसाळ्यात तिथे पांढऱ्या धुक्याशिवाय काही मिळणं नशिबाची गोष्ट.

माळव्याच्या होशंगशाह सुलतानाच्या कबरीला भर दुपारी जा. सगळे लोक सकाळ-संध्याकाळ म्हणतात, पण तिथली जाळी आणि संगमरवर आतून पाहायचा तर बाहेर कडक ऊन हवं. तेव्हा जाळीतून येणारा उजेड जमिनीवर पडतो. हिंडोळा महालाच्या भिंती तिरक्या आहेत, त्या मोबाइलने वाकड्या येतात म्हणून लोक सरळ करायला जातात. करू नका, त्या बांधल्याच तशा आहेत.

पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत हातात धरून फोटो काढायला अडचण नसते, पण तिकाटणं लावायचं तर आधी परवानगी लागते. गटातले आठ जण तिकाटणी घेऊन आले आणि दारावर अडले, असं मी पाहिलंय. आधीच अर्ज करा नाहीतर सांगूनच टाका की आणू नका.

सह्याद्री_वारा (पुणे)

मांडव_वाट, फार उपयोगी. मग मार्चमध्ये ठेवून भगोरिया जोडता येईल का? माझ्या यादीत तो कधीपासून आहे. ते रंग, चांदीचे दागिने, आणि मुलं-मुली एकमेकांना पसंत करून पळून जातात ती प्रथा. कार्यशाळेला यापेक्षा चांगला विषय कोणता?

डोंगरपायथा (झाबुआ)

मी झाबुआ जिल्ह्यात शिक्षक आहे, बावीस वर्षं. मूळचा इंदूरचा. दादा, तुमच्यावर राग नाही, पण हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी माझ्या विद्यार्थिनींना त्याचे चटके बसतात, म्हणून नीट लिहितो.

भगोरिया म्हणजे होळीच्या आधीच्या आठवड्यातले बाजार. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी या भागात ज्या गावचा जो वार असेल त्या वारी भरतात. होळीची खरेदी असते, गूळ, हार-कंगन, खजूर, नवे कपडे. मजुरीला गुजरातेत गेलेली माणसं याच दिवसांत घरी येतात. मांदळ (मोठा ढोल) वाजते, बासरी वाजते, गावंच्या गावं नाचत येतात. एका गावच्या, एका घराच्या मुली एकाच रंगाचं कापड घेऊन येतात, ते मैत्रीण आणि बहीण म्हणून. "पळून जायचा सण" ही बाहेरच्यांनी लावलेली पाटी आहे. इथली शिकलेली मुलं-मुली त्याला उघड विरोध करतात आणि तो विरोध रास्त आहे.

ती पाटी वाचून आलेला माणूस काय करतो? चार मुली घोळक्याने पानाच्या टपरीशी उभ्या असतात. तो लांब लेन्स काढतो. जवळ येतो. मुली तोंडावर ओढणी घेतात. तो थांबत नाही, कारण त्याला "लाजणारी" मुलगी मिळाली. माझी एक विद्यार्थिनी, आता नर्सिंग शिकते, तिचा तसला फोटो कुठल्यातरी पानावर "वराच्या शोधात" अशा ओळीखाली लागला होता. ती तिच्या भावासाठी बूट घ्यायला आली होती. पुढच्या वर्षी ती बाजाराला गेली नाही.

या. कुणी नको म्हणत नाही. पण वीस जणांच्या गाडीने एका दिवसासाठी येऊ नका. मांदळ वाजवणाऱ्यांपाशी बसा, ते खुशीने काढू देतात, उलट बोलावतात. चेहऱ्याचा फोटो विचारून काढा. ओढणी वर गेली म्हणजे उत्तर मिळालं.

सह्याद्री_वारा (पुणे)

सर, वाचून खाली ठेवलं होतं, आज लिहितोय. मी वाचलेलं तेच खरं धरून चाललो होतो. माफ करा. माझ्याकडे बाहेरच्या एका मित्राने काढलेला असाच एक फोटो आहे, तो मी दोन वर्षं भिंतीवर लावून ठेवला होता. तो उतरवला.

खर्चाबद्दल मात्र माझं मत कायम आहे. गट फार लहान केलात तर येणारे आपोआप ठरावीक लोकच असतील. त्यावर काहीतरी काढा.

राजवाडा_चौक (इंदूर)

सगळ्यांचे आभार. महिनाभर हा धागा रोज उघडून पाहत होतो. आता ठरलं ते सांगतो.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, मधल्या वारी. आठ जण. पुण्याचे दादा म्हणाले ते पटलं म्हणून तीन दिवसांसाठी महागडं हॉटेल घेण्याऐवजी धर्मशाळेत राहायचं, जेवण एका घरी, गाडी एकच. तेवढ्याने माणशी खर्च निम्म्यावर आला. दोन जागा विद्यार्थी किंवा शिक्षकांसाठी बिनपैशाच्या, त्यातली एक मोबाइलवाल्या ताईंची. भगोरिया जोडत नाही, त्यासाठी मी अजून तयार नाही. आधी डोंगरपायथा सरांकडे एकटा जाऊन येईन, कॅमेरा न नेता.

पहिला दिवस महेश्वर, कॅमेरे धर्मशाळेतच. फक्त चालायचं, चहा प्यायचा, ऊन पाहायचं. दुसऱ्या दिवशी दोघा-दोघांची जोडी, चार वेगवेगळ्या घरी. किल्ल्याखालच्या ताईंनी घरं ठरवून दिली आहेत: दोन ठिकाणी कांड्या, एका ठिकाणी ताणा जोडणं, एका ठिकाणी माग. मागाच्या घरी ज्या बाई आहेत त्यांनी स्वतः रक्कम सांगितली, तिच्यावर मी घासाघीस केलेली नाही. दिवसाला ३६ फोटो. तिसरा दिवस मांडू, तिकाटणी घरी ठेवून. आणि फेब्रुवारीत मी छापील फोटो घेऊन महेश्वरला जाणार, त्याचे पैसे शुल्कातच धरले आहेत.

विकायला काढायचा असेल असा एकही चेहरा लेखी होकाराशिवाय बाहेर जाणार नाही. हे सगळ्यांकडून आधीच लिहून घेतो.

जुना_स्टुडिओ (इंदूर)

छापताना कागद चकचकीत घेऊ नका, मॅट घ्या. बोटांचे डाग पडत नाहीत. घरात हातोहात फिरतात ना.

मोबाइलवाली_मी (इंदूर)

जाऊन आले! सविस्तर दादा लिहितील, मी एकच सांगते. मी ताणा जोडणाऱ्या घरी होते. पहिले दोन तास मी फक्त तीन फोटो काढले, कारण त्या दोघी मला धागा पिळायला शिकवत होत्या. माझे अकराच्या अकरा धागे सुटले. मग त्यांनी माझ्या बोटांना राख लावली. चौथा फोटो माझ्या त्या राखाडी बोटांचा आहे आणि तो काढला त्यांच्यातल्या धाकटीने.

राजवाडा_चौक (इंदूर)

काल छापील फोटो देऊन आलो. एकूण ६२, सगळे मॅट कागदावर, काका.

बाकीच्या घरी फोटो भिंतीला लागले, देवाजवळ ठेवले गेले, एक आजी तर चरख्यावरचा स्वतःचा फोटो शेजारणीला दाखवायला तसाच पदरात घेऊन गेल्या. परत येताना मी त्या जुन्या मावशींच्या घरी गेलो, जिथे चार वर्षांपूर्वी अठरा जण घुसवले होते. त्या यादीत नव्हत्या. त्या दिवशी काढलेला एक फोटो मी छापून नेला होता. चष्मा नसलेला.

दारातच उभा राहिलो आणि सांगितलं की त्या दिवशी मी होतो, चूक माझी होती, हा फोटो तुमचा आहे. मावशींनी चष्मा चढवला, फोटो उजेडाकडे धरला. मला वाटलं चेहरा बघतायत. त्यांनी अंगठा काठावर ठेवला, खालच्या बाजूला, काठावरची लहरीची नक्षी जिथे वळते तिथे, आणि सुनेला हाक मारली. "देख, यहाँ तार टूटा हुआ था. उसी दिन का है."

मग मला आत बोलावून चहा दिला. माग चालू होता, सून विणत होती. कॅमेरा गाडीत होता.